साठीनंतर घर कशावर चालणार? विदर्भातल्या शेतकरी आणि मजूर कुटुंबांसाठी निवृत्तीची तयारी

कोरडवाहू शेती करणाऱ्या घरात म्हातारपणाच्या पैशाचा विषय सहसा निघत नाही. बियाणं, खत, लेकरांची फी, घरातलं एखादं लग्न यात वर्ष सरतं. नोकरीवाल्याला निवृत्तीची तारीख सरकार देतं, आपली तारीख आपल्यालाच ठरवावी लागते. ती ठरवली नाही तर गुडघे ठरवतात, आणि तोवर बऱ्याच योजनांची वयाची अट उलटून गेलेली असते.

मी यवतमाळ जिल्ह्यातली. सासू-सासऱ्यांचे कागद, पेन्शन, वारसनोंद हे सगळं मी आणि माझ्या यजमानांनी तहसील, बँक, पोस्ट आणि सेतू केंद्रात फिरून केलं. आता आमच्या दोघांचंही बहुतेक मार्गी लागलं आहे. कुठे काय अडतं ते त्या फिरण्यातून कळलं. २ ते १० एकरवाली घरं, मजुरी करणारी घरं आणि गावात लहानसं दुकान किंवा पिठाची चक्की चालवणारे यांच्यासाठी मी हे लिहिते आहे.

आपला भाव दूरच्या कुठल्या तरी निर्णयाने हलतो. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन पेंड आयात करायला परवानगी मिळाली आणि नवा माल निघेपर्यंत भाव कोसळले. २०२५ मध्ये १९ ऑगस्टपासून कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत. त्याच महिन्यात अमेरिकेने भारतातून जाणाऱ्या मालावर ५० टक्के शुल्क लावलं. एक रुपयातला पीकविमा २०२३ च्या खरिपात आला आणि २०२५ च्या खरिपात गेला. यातला एकही निर्णय आपल्या हातातला नव्हता, आणि पुढचेही नसतील. म्हणून म्हातारपणाचा पैसा तीन-चार ठिकाणांहून यावा, आणि त्यातलं एखादं बंद पडलं तरी चूल पेटावी, अशी मांडणी करायची. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

१. आधी एक वही करा

दोनशे पानांची साधी वही घ्या. सलग तीन महिने घरखर्च लिहा. शेतीचा खर्च यात अजिबात मिसळू नका, तो वेगळ्या वहीत. किराणा, तेल, गॅस, लाइट बिल, मोबाइलचा रिचार्ज, औषधं, भाजी, आहेर, देवधर्म, तालुक्याला जायचं भाडं, सगळं यात आलं पाहिजे.

इथे एक गोष्ट हमखास सुटते. आज घरात तूरडाळ, गहू, ज्वारी, हरभरा वावरातून येतो, त्याचे पैसे आपण मोजत नाही. शेती सोडली किंवा मक्त्याने (ठरलेल्या रकमेवर वर्षभर कसायला) दिली की हेच विकत घ्यावं लागतं. तेव्हा घरच्या धान्याची बाजारभावाने किंमत लावून तीही खर्चात धरा. आमच्या वहीत ही रक्कम धरल्यावर महिन्याचा आकडा चांगलाच वाढला होता.

मग महागाई. समजा आज दोघांना महिन्याला ८ हजार लागतात. महागाई दरसाल ६ टक्के धरली तर साधारण १२ वर्षांत हाच खर्च १६ हजार होतो आणि २४ वर्षांत ३२ हजार. तुम्ही आज ४५ चे असाल तर ६९ व्या वर्षी ३२ हजारांचा महिना समोर आहे. आकडा पाहून धीर सोडू नका. सगळा खर्च पेन्शनमधून भागवायचा नसतो, थोडा वावरातून येईल, थोडा ठेवीतून, थोडा लेकरांकडून. पण किती कमी पडतं ते आधी कळायला हवं.

२. साठीच्या आत सातबाऱ्यावरचा कर्जाचा बोजा उतरवा

कर्जमाफीची वाट पाहणं हे आपल्या भागातलं मोठं दुखणं आहे. २००८ ची माफी झाली, २०१७ ची झाली, २०१९ च्या शेवटी महात्मा फुले योजना आली. तिन्ही वेळा अटी निराळ्या होत्या. २०१७ मध्ये मर्यादा दीड लाखाची होती, २०१९ मध्ये दोन लाखांची, आणि थकबाकी कोणत्या तारखेची यावरून शेजारी-शेजारी राहणाऱ्या दोन घरांतलं एक बसलं, दुसरं राहिलं. माफी मिळाली तर घ्यावी, तो आपला हक्कच आहे. पण तिच्या भरवशावर कर्ज थकवत ठेवलं की व्याज चढतं, नवं पीककर्ज बंद होतं आणि माणूस सावकाराच्या दारात जातो. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर राज्यात व्याज शून्यावर येतं, ही सवलत थकबाकीदाराला मिळत नाही.

पन्नाशीनंतर ट्रॅक्टर, विहीर, मोठं बांधकाम यासाठी लांब मुदतीचं कर्ज काढायचं असेल तर ते मुलाच्या कमाईवर बसतं का ते पाहा, तुमच्या नाही. कर्ज फिटल्यावर बँकेकडून बेबाकीचा दाखला घ्या, तो पटवाऱ्याकडे देऊन बोजा कमी केल्याचा फेरफार (नोंदीतला बदल) करून घ्या आणि नवा सातबारा काढून डोळ्यांनी पाहा. कर्ज कधीचं फिटलंय पण बोजा तसाच, असे सातबारे गावोगाव आहेत. मालक वारल्यावर तो निस्तरायला वारसांना फार धावाधाव करावी लागते.

३. वावर कोणाच्या नावावर, कधी आणि कसं

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्या. आपल्याजवळची खरी पुंजी वावरच असते, आणि म्हाताऱ्या माणसाची आबरू घरात त्याच्या नावावरच्या वावरामुळे टिकते, हे मी जवळून पाहिलं आहे. मुलं वाईट असतात असं मी म्हणत नाही. पण मुलावरही संकट येतं, त्याचंही कर्ज थकतं, त्याचाही अपघात होतो. सगळी जमीन त्याच्या नावावर असेल तर त्याच्या संकटात तुमचं छप्परही जातं.

आधी सातबारा, ८-अ (खातेउतारा) आणि जुने फेरफार काढा. जमीन वडिलोपार्जित की स्वकष्टाची हे ठरवा. स्वकष्टाची असेल तर मृत्युपत्राने ती हव्या त्या माणसाला देता येते. वडिलोपार्जित असेल तर फक्त तुमच्या हिश्श्यापुरतं मृत्युपत्र चालतं. मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे, २००५ पासून कायद्यात तसं स्पष्ट आहे. बहिणींकडून घाईने हक्कसोड लिहून घेऊन पुढे पंधरा वर्षं कोर्टात भांडणारी घरं आहेत. त्यांना बोलवा, समोर बसवा, काय द्यायचं ते बोलून ठरवा.

मृत्युपत्र हा सर्वांत सुटसुटीत मार्ग आहे. त्याला स्टॅम्प लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. तरी दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्यावं, पुढे शंका उरत नाही. दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला जमीन मिळणार आहे तो साक्षीदार नसावा. साक्षीदार तुमच्यापेक्षा तरुण आणि गावातच राहणारे निवडा, कारण वीस वर्षांनी त्यांनाच उभं राहावं लागेल. मृत्युपत्र हवं तेव्हा बदलता येतं, आणि तुम्ही जिवंत असेपर्यंत जमीन तुमचीच राहते.

वाटणी करायची असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. सगळ्या हिस्सेदारांची संमती असली तर काम सरळ होतं. वाटणीत स्वतःचा आणि बायकोचा तुकडा वेगळा ठेवा, आणि तो विहिरीजवळचा, रस्त्यालगतचा ठेवा. पडीक कोपरा स्वतःला घेऊन चांगली जमीन मुलांना देणारे आईबाप मी पाहिले आहेत. तो कोपरा पुढे मक्त्यानेही कोणी करत नाही.

बक्षीसपत्र केलं की मालकी लगेच जाते. ते करायचंच असेल तर "आईवडिलांचं अन्न, वस्त्र, औषधपाणी आणि राहणं मुलगा पाहील" ही अट त्याच कागदात लिहून घ्या. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ अशा वेळी कामी येतं. अट पाळली नाही तर उपविभागीय अधिकाऱ्यांसमोरच्या न्यायाधिकरणात अर्ज करून हस्तांतरण रद्द करून मागता येतं. अट कागदात नसेल तर लढाई अवघड होते. याच कायद्याखाली महिन्याला १० हजारांपर्यंत निर्वाहभत्ताही मागता येतो.

केंद्राकडून शेतकऱ्याच्या खात्यात हप्त्यांनी पैसे देणाऱ्या पीएम-किसान योजनेची अडचणही इथेच लक्षात घ्या. त्या योजनेत जमिनीच्या नोंदीसाठी १ फेब्रुवारी २०१९ ही तारीख धरली आहे, आणि मृत्यूनंतर वारसाने आलेल्या जमिनीला त्यातून सूट आहे. म्हणजे जिवंतपणी सगळी जमीन मुलाच्या नावावर केली तर तुमचे हप्ते बंद होतात आणि मुलाचेही सुरू होतीलच असं नाही. सही करण्यापूर्वी तालुका कृषी कार्यालयात याची खात्री करा.

बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावा. लक्ष्मीमुक्ती योजनेत नवऱ्याच्या अर्जावर बायकोचं नाव सहधारक म्हणून लागतं, त्याला खरेदीखत करावं लागत नाही. ही कल्पना शेतकरी संघटनेच्या चळवळीतून आली आणि नंतर शासनाने स्वीकारली. बाई विधवा झाल्यावर दिरांच्या दारात उभी राहण्यापेक्षा आधीच नाव असणं फार बरं. बाप्यांनो, हे काम बायकोने मागायची वाट पाहू नका.

आजोबांच्या नावाचा सातबारा अजून तसाच असेल तर आधी वारसनोंद करा. बुलढाणा जिल्ह्यातून सुरू होऊन २०२५ मध्ये राज्यभर गेलेली जिवंत सातबारा मोहीम याच कामासाठी होती. मोहीम नसली तरी मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र घेऊन पटवाऱ्याकडे किंवा ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीवर अर्ज करता येतो.

४. हात थकल्यावर वावर करणार कोण

मुलगा पुण्याला किंवा नागपूरला, आणि सालदार मिळत नाही, हे आता घरोघरचं आहे. मक्त्याने द्यायचं असेल तर तोंडी व्यवहार नको. विदर्भासाठी १९५८ चा वेगळा कूळकायदा आहे, म्हणून मजकूर वकिलाकडूनच लिहून घ्या, दरवर्षी नवा करा आणि एकाच माणसाला वर्षानुवर्षं बिनकागदाने वावर देऊ नका. मक्त्याची रक्कम मृगाच्या पेरणीआधी पूर्ण घ्या. "कापूस विकला की देतो" असं म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असला तरी बोंडअळी आली की तुमचाही पैसा अडकतो. पीकविमा आणि अतिवृष्टीची मदत कोणाला, ई-पीक पाहणी (मोबाइलवरून पिकाची नोंद) कोण करणार, हेही कागदात यावं. भांडणं बहुतेक याच मुद्द्यावर होतात.

बटई (पिकात वाटा घेऊन वावर देणं) परवडते, पण तिच्यात तुम्हाला वावरात चकरा माराव्या लागतात, हिशोब ठेवावा लागतो. सत्तरीनंतर मक्ता बरा.

५. दर महिन्याला येणारा पैसा उभा करा

इथे वयाप्रमाणे वेगवेगळी दारं आहेत, आणि ती वयाबरोबरच बंद होतात.

तुम्ही किंवा तुमची मुलं १८ ते ४० मध्ये असाल तर अटल पेन्शन योजना आधी पाहा. बँकेत किंवा पोस्टात अर्ज होतो. ६० नंतर महिन्याला १ हजार ते ५ हजारांपर्यंत हमीची पेन्शन मिळते. ५ हजारांसाठी १८ व्या वर्षी आलात तर महिन्याला २१० रुपये, ३० व्या वर्षी ५७७ आणि ३५ व्या वर्षी ९०२ रुपये भरावे लागतात. माणूस गेल्यावर तीच पेन्शन नवऱ्याला किंवा बायकोला, आणि दोघंही गेल्यावर साठलेली रक्कम वारसदाराला. आयकर भरणाऱ्यांना २०२२ च्या ऑक्टोबरपासून यात येता येत नाही. लक्षात ठेवा, २५ वर्षांनंतरच्या ५ हजारांची आजच्या हिशोबाने किंमत, महागाई ६ टक्के धरली तर, साधारण ११०० ते १२०० रुपयेच आहे. औषधाचा आणि लाइट बिलाचा खर्च तेवढ्यात निघेल, घर नाही.

२ हेक्टरपर्यंत जमीन असेल तर पीएम किसान मानधन योजना आहे. वयानुसार महिन्याला ५५ ते २०० रुपये तुम्ही भरता, तेवढेच सरकार भरतं, आणि ६० नंतर ३ हजार पेन्शन मिळते. हप्ता पीएम-किसानच्या रकमेतून परस्पर कापून घेण्याची सोय आहे, ती घ्या, म्हणजे खंड पडत नाही. मजुरांसाठी याच आकड्यांची श्रमयोगी मानधन योजना आहे, महिन्याची कमाई १५ हजारांपर्यंत असेल तर. दोन्हींची नोंदणी सीएससी (गावातल्या ऑनलाइन सेवा) केंद्रात होते. ई-श्रम कार्ड काढलं म्हणजे पेन्शन लागली, असा गैरसमज गावात फार आहे. ते कार्ड फक्त नोंदणीचं आहे.

वय ४० ते ६० असेल तर या तिन्ही योजना हातून गेल्या. आता पीपीएफ, म्हणजे लांब मुदतीचं सरकारी बचत खातं. पगारदारांची गोष्ट म्हणून आपण तिच्याकडे पाहत नाही, पण मला ती शेतकऱ्याच्या सोयीची वाटते. महिन्याला भरायचं बंधन नाही. वर्षाला किमान ५०० रुपये भरून खातं चालू राहतं, आणि कापसाचा किंवा तुरीचा चुकारा आला की एकदम टाकता येतात, वर्षाला दीड लाखापर्यंत. बराचसा पैसा १५ वर्षं बांधलेला राहतो म्हणून लग्नात उडत नाही. शिवाय कर्जापोटी कोर्टाचा हुकूम आला तरी या खात्यावर जप्ती येत नाही. २०२५ मध्ये व्याज ७.१ टक्के होतं. तेवढंच राहिलं आणि वर्षाला २० हजार भरत गेलात तर १५ वर्षांनी ५ लाखांवर जमतात. खातं बायकोच्या नावानेही उघडा. तिच्या हातात तिचा पैसा असू द्या.

रोजमजुरी करणाऱ्यांना पोस्टाची आवर्ती ठेव बरी, महिना १०० रुपयांपासून सुरू होते.

साठी पूर्ण झाली आणि हातात एकरकमी पैसा आला, समजा जमिनीचा मोबदला किंवा पीपीएफची रक्कम, तर पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना घ्या. २०२५ मध्ये ८.२ टक्के व्याज होतं आणि दर तीन महिन्यांनी ते खात्यात येतं. ५ लाख ठेवले तर तिमाहीला १०,२५० रुपये. मर्यादा ३० लाखांची आहे. मासिक उत्पन्न योजनेत ७.४ टक्के होते, तिथे ५ लाखांवर महिन्याला साधारण ३ हजार येतात. दर सरकार दर तिमाहीला ठरवतं, पण तुम्ही पैसे ठेवले त्या दिवसाचा दर पाच वर्षं बदलत नाही. अस्थिर काळात याची किंमत मोठी आहे.

सोन्याबद्दल थोडक्यात. थोडं असावं, रात्री-अपरात्री दवाखान्यासाठी उपयोगी पडतं. घडणावळीत पैसा जातो म्हणून दागिन्यांवर सगळी भिस्त नको.

६. सरकारी मदत घ्या, पण वहीतला पाया तिच्यावर बसवू नका

पीएम-किसानचे वर्षाला ६ हजार, राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे ६ हजार, लाडकी बहीणचे महिन्याला दीड हजार. हे पैसे आले तर घ्या आणि जमेल तितके आवर्ती ठेवीत वळवा. निवडणुकीच्या आधी रक्कम वाढण्याची भाषणं होतात, नंतर छाननी होते, ई-केवायसी मागतात, नावं कमी होतात. ज्याचं घर या पैशावर चालतं त्याला प्रत्येक बातमीने धडकी भरते. वहीत या रकमा वेगळ्या शाईने लिहा आणि त्या वजा करून घर चालतं का ते पाहा.

लाडकी बहीण ६५ व्या वर्षी थांबते. गरीब वृद्धांसाठीची श्रावणबाळ योजना ६५ ला सुरू होते, तिचेही महिन्याला दीड हजार आहेत. पण एक थांबली की दुसरी आपोआप लागत नाही. लाडकी बहीणला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाखांची, श्रावणबाळला वर्षाला फक्त २१ हजारांची. उत्पन्नाचा दाखला, वयाचा पुरावा आणि रहिवासी दाखला घेऊन तहसीलमधल्या संजय गांधी योजनेच्या टेबलावर अर्ज द्यावा लागतो. पोच घेतल्याशिवाय तिथून निघू नका. ६५ पेक्षा कमी वयाच्या निराधार, विधवा आणि दिव्यांगांसाठी संजय गांधी निराधार योजना आहे, अर्ज त्याच टेबलावर.

७. ठेव कुठे ठेवायची

अर्धा-एक टक्का जास्त व्याज पाहून पैसा हलवू नका. बँक बुडाली तर एका बँकेत एका माणसाच्या ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचं संरक्षण आहे, व्याज धरून. २०२० पूर्वी ही मर्यादा १ लाख होती. दोन शाखांत ठेवले तरी बँक एकच धरतात, तेव्हा जास्त रक्कम असेल तर दोन वेगळ्या बँका किंवा पोस्ट. पतसंस्थेला आणि मल्टिस्टेट सोसायटीला हा विमा लागू नाही. बोर्ड कितीही चकचकीत असो, संचालक ओळखीचा असो, म्हातारपणाचा पैसा तिथे नको. दामदुप्पट, साखळी योजना, मोबाइलवरचं ट्रेडिंग यांना दारातूनच परत पाठवा.

खातं नवरा-बायकोचं एकत्र, "दोघांपैकी कोणीही" या पद्धतीचं ठेवा. नॉमिनी लावा. नॉमिनी पैसे उचलू शकतो, पण मालकी वारसांची असते, हे मृत्युपत्रातही जुळवून लिहा.

"तुमची पेन्शन बंद होतेय, ओटीपी सांगा" असा फोन आला तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवा, पहिल्या काही तासांत रक्कम थांबवता येते.

८. दवाखाना

एका मोठ्या आजारात दहा वर्षांची बचत जाते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे ठरलेले उपचार योजनेतल्या रुग्णालयांत मोफत होतात. ७० पूर्ण झालेल्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, तेही ५ लाखांचं. आजार येण्याआधी कार्ड काढा, कारण दवाखान्याच्या काउंटरवर आधारचा अंगठा जुळला नाही तर तिथेच अडतं. आपल्या आजाराचे उपचार जवळच्या कोणत्या रुग्णालयात योजनेत होतात ते आधीच विचारून वहीत लिहून ठेवा. एसटीत ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट आणि ७५ नंतर मोफत प्रवास आहे, तपासणीच्या चकरांना तो उपयोगी पडतो.

प्रधानमंत्री सुरक्षा विम्याचे २० रुपये वर्षाला बँक खात्यातून कापले जातात, अपघाती मृत्यूला २ लाख, ७० वर्षांपर्यंत. हा प्रत्येकाने घ्यावा. विम्याची माहिती घरात सांगून ठेवा. अर्जच केला नाही म्हणून पैसे न मिळालेली घरं आहेत.

९. नावं आणि तारखा जुळवा

अर्धे अर्ज इथेच परत येतात. आधारवर "रामभाऊ", सातबाऱ्यावर "रामचंद्र", पासबुकावर "रामा". बरं, बऱ्याच म्हाताऱ्या माणसांच्या आधारवर जन्मतारीख १ जानेवारी अशी अंदाजाने टाकलेली असते. ती सुधारायची तर शाळा सोडल्याचा दाखला शोधा, आणि बरोबर तारीख एकदाच टाका, कारण जन्मतारीख एकदाच बदलू देतात. शेतीत राबलेल्या हातांचे ठसे झिजतात आणि मशीन घेत नाही. अशा वेळी डोळ्याच्या बुबुळाने, चेहऱ्याने किंवा ओटीपीने ओळख पटवा असं केंद्रावर सांगा. त्यासाठी आधारला मोबाइल नंबर जोडलेला हवा, आणि तो नंबर तुमचाच हवा, पुण्याला असलेल्या मुलाचा नव्हे.

योजनेचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात, तुम्ही अर्जात लिहिलेल्या खात्यात जातीलच असं नाही. दोन-तीन खाती असतील तर कोणतं जोडलेलं आहे ते बँकेत विचारून पासबुकावर खूण करा.

एका पिशवीत हे कागद ठेवा:

- आधार, पॅन, रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र
- वयाचा पुरावा, शक्यतो शाळा सोडल्याचा दाखला
- अलीकडचा सातबारा, ८-अ, जुने फेरफार, मोजणीची नक्कल
- शेतकरी ओळख क्रमांक, जो आता शेतीच्या योजनांना लागतो
- सगळी पासबुकं, ठेवींच्या पावत्या, पेन्शन योजनांचे क्रमांक, नॉमिनीची नोंद
- बेबाकीचा दाखला, पीककर्जाची कागदं
- उत्पन्नाचा आणि रहिवासी दाखला
- आरोग्य कार्डं, चालू औषधांची चिठ्ठी
- मृत्युपत्राची प्रत, आणि मूळ कुठे आहे त्याची चिठ्ठी
- पासपोर्ट आकाराचे दहा फोटो

पिशवी कुठे आहे ते घरातल्या दोघांना तरी ठाऊक असावं, आणि त्यातली एक बाई असावी. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपते, म्हणून दर एप्रिलमध्ये नवा दाखला काढताना वही आणि पिशवी दोन्ही एकदा तपासा. अर्जासोबत झेरॉक्स देताना तिच्यावर तारीख आणि "फक्त श्रावणबाळ अर्जासाठी" असं कारण आडवं लिहून सही करा, म्हणजे ती झेरॉक्स दुसऱ्या कशाला वापरणं अवघड जातं.

आणि घरातलं माणूस त्रास देत असेल, औषधपाणी तोडत असेल, तर ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हा मोफत नंबर आहे. तो पिशवीच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.